सातवी वही

अल्लीपूरच्या एसटी स्टँडवर आई माझ्या बॅगेत ती वही कोंबत होती आणि मी बाहेर काढत होते. तिसऱ्यांदा तेच झालं तेव्हा बाबा हसायला लागले.

"घेऊन जाय ना वं. तिकडं कागद भेटते का नाई, कोणाले मालूम," आई म्हणाली.

"मी विद्यापीठाच्या लायब्ररीत चाल्ली, आई!"

शेवटी वही तिच्याच हातात राहिली आणि वर्ध्याची बस सुटली. बॅगेचं वजन वाढेल, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मला त्या वहीची लाज वाटत होती.

आमच्याकडे रीतच होती. परीक्षा संपली की जुन्या वह्यांची उरलेली कोरी पानं फाडायची आणि आई ती दाभणाने शिवायची. झाली पुढच्या वर्षाची रफ वही! एक पान चौकडीचं, पुढचं चार रेघी, वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. तुमच्यापैकी किती जणांनी अशा वह्या वर्गात दप्तराआड लपवल्या? खरं सांगा.

आता इथे स्कॉटलंडमध्ये, एडिंबरा विद्यापीठाच्या लायब्ररीत माझं काम जुन्या वह्यांच्याच नोंदी करण्याचं आहे. तीन महिन्यांत जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर परतीचं तिकीट. माझ्या वाट्याला आला एकोणिसाव्या शतकातल्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याचा खोका. सहा विषयांच्या सहा वह्या, अक्षर मोत्यासारखं, प्राध्यापकांचा शब्द न् शब्द उतरवलेला. सातवी मात्र गबाळी. अक्षर कोंबडीचे पाय, कागद तीन-चार जातींचा, जाड दोऱ्याने शिवलेली. माझी वरिष्ठ मार्गारेट म्हणाली, ही दुसऱ्याच कुणाची दिसते, वेगळी काढ.

मी ती हातात घेतली आणि मला हसूच फुटलं. बाकीच्या सहाही वह्यांची शेवटची पानं फाडलेली होती, शिवणीपाशी नुसत्या कडा उरल्या होत्या. सातवीतलं निळसर पान मी रसायनशास्त्राच्या वहीतल्या कडेला लावलं. बरोब्बर जुळलं. जाड पान शरीररचनेच्या वहीत जुळलं. आणि अक्षराचं म्हणाल, तर माझं तरी रफ आणि फेअर कुठे एक असायचं?

मार्गारेट भिंगातून बराच वेळ बघत राहिली. मग तिने विचारलं, हे तुला कुणी शिकवलं?

"माय मदर," मी म्हणाले, आणि इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. सातवी वही खोक्यात राहिली. मीही राहिले.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं.

"म्हंजे गोऱ्याची माय बी वह्या शिवे?"

"तो स्वतःच शिवत असंल. आई, थे माही वही पाठव ना आता. टेबलावर ठेवतो, सगळ्यायले दिसंल अशी."

"थे नाई भेटत. भरत आली. तू दर रविवारी जे सांगतं, थे लिहून राह्यली मी त्याच्यात. बर्फ, ट्राम, तुही मार्गारेट, सारं."

घर मागे राहिलं म्हणून मी इथे किती रडले होते! आणि ते दर रविवारी पलीकडे वही उघडून बसलेलं होतं.

"बोल ना वं," आई म्हणाली. "पेन हातातच हाये माह्या. त्या पोराची वही कोणत्या कोणत्या कागदाची होती, हळूहळू सांग."