इंजनबुवांचे टेसन

इंजनबुवांचे भजन काळी एक, काळी दोन असल्या पट्ट्यांत कधी झाले नाही. ते व्हायचे इंजनाच्या पट्टीत. संध्याकाळची गाडी सेलूच्या स्टेशनात शिरताना जी शिट्टी देई, तोच बुवांचा षड्ज. आमचे भजनी मंडळ स्टेशनासमोरच्या मारुतीच्या पारावर तयार होऊन बसलेले असे. पण शिट्टीच्या आधी कोणी सूर काढलेला बुवांना खपत नसे. पेटी माझ्याकडे होती. शिट्टी झाली की तो सूर शोधून धरायचा, हे माझे काम. एखादे चिरक्या गळ्याचे इंजन आले, की दुसऱ्या दिवशी सगळ्या मंडळाचे घसे बसलेले. बुवा मात्र ज्येष्ठमध चघळत म्हणत, "इंजन दमाचं हाय. आपलंच गळं कच्चं."

राज्य निजामाचे होते, कचेरीची भाषा उर्दू होती, पण रेल्वे कोणाची असे विचारले तर बुवा "सेलूची" म्हणत. मनमाडपासून सिकंदराबादपर्यंतची बाकीची स्टेशने लोकांना सेलूला येणे सोपे जावे म्हणून बांधली, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. मंडळात शेतकरी होते, जिनिंगमधले हमाल होते, एक शिंपी होता. देवाचे दोन अभंग उरकले की बुवांनी स्वतः रचलेले गाडीचे पद निघे, आणि तिथे सगळ्यांनाच चेव येई:

थांबे गाडी सेलू गावी, पाणी पिऊनी दम घे ।
जिंतूरकरा, बैल आवर, दुरूनच राम राम घे ॥

जिंतूर आमच्याहून जुने आणि तोऱ्याचे गाव, पण तिथे रेल्वे नव्हती. एवढ्यावर बुवांनी ते गाव मोडीत काढले होते.

आणि नेमके जिंतूरहूनच त्यांच्या गोदाला स्थळ आले. मुलगा देखणा, जमीन काळीभोर. बुवांनी एकच विचारले, "टेसन हाय का?" पाहुण्यांना ती थट्टा वाटली. बुवांनी पानसुपारी दिली आणि त्यांना वाटेला लावले. मग पाथरीचे आले, मंठ्याचे आले. स्टेशन नाही म्हणून तेही गेले. "बुवा जावई बघायलेत का गार्ड?" असे गावात चालू झाले. नवल म्हणजे बुवांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, एका शब्दाने हरकत घेतली नाही.

शेवटी मीच म्हणालो, "बुवा, गाण्यातली ऐट गाण्यात ठिवा. पोरगी घरात बसायलीय."

बुवा चिडले नाहीत. आत काकूंकडे हात करून म्हणाले, "हिचं माहेर दुधनेपलीकडं. माय शेवटच्या घटकंला हाय म्हणून सांगावा आला, तवा आमी बैलं जुंपली. दुधना दोन्ही काठ भरून. ही काठावर बसून ऱ्हायली, आन तिकडं माय हिचं नाव घेत गेली. माझी पोरगी तशी बसणार न्हाई, पेटीवाले. गाडी नदीवरून येती."

त्यानंतर मी बुवांची थट्टा केली नाही असे नाही. पण ह्या बाबतीत नाही.

पुढे पिंगळीचे स्थळ आले. परभणीच्या पलीकडचे एवढेसे गाव, घरची शेती कोरडवाहू. बुवा आधी स्टेशन पाहून आले, मुलगा मग पाहिला. लग्न झाले. गोदाला सासरी लावून द्यायला आख्खे मंडळ टाळमृदंगासह फलाटावर गेले, आणि गार्डाने झेंडी दाखवली तरी आमचे पद आटपेना.

मग निजामाचे ते शेवटचे वर्ष आले. रझाकारांची धास्ती होतीच, त्यात हिंदुस्थानच्या फौजा शिरल्याची बातमी आली आणि गाड्या बंद पडल्या. गोदाला पहिल्या बाळंतपणासाठी आणायचे होते, दिवस भरत आले होते. काकूंनी बुवांना टोचून काही म्हटले नाही, ते बुवांना जास्त लागले. ते सकाळीच फलाटावर जाऊन बसू लागले. स्टेशनमास्तर हैदराबादचे, भले गृहस्थ. "बुवा, लाइन बंद है. घर जाओ," म्हणत. बुवा म्हणत, "तुमी बसलाव न्हवं? मग मी बी बसतो." हळूहळू मंडळही येऊन बसू लागले, आणि दुपारची भाकर घेऊन काकूही. शिट्टी नाही, म्हणून भजन नाही. नुसते परभणीच्या दिशेला बघायचे.

एका दुपारी, कोणाला काही कळवलेले नसताना, त्या बाजूने शिट्टी आली. गाडी थांबली आणि गोदा जपून पायरी उतरली, मागे जावई गाठोडे घेऊन. मी सवयीने बुवांकडे पाहिले. ते बाकावरून उठले आणि पुन्हा बसले.

गोदा म्हणाली, "बाबा, आमी बी रोज पिंगळीच्या टेसनात येऊन बसायलो होतो. तुमी इथं बसले असताल, हे ठावं होतं मला."

काकू लेकीला पोटाशी धरून उभ्या राहिल्या. मग पुढे गेल्या, आणि कंबरेच्या पिशवीतले हळदकुंकू काढून त्यांनी सगळ्यांदेखत इंजनाला वाहिले. मास्तरांनी गाडी तेवढा वेळ थांबवली. बुवा बाकावर बसून लहान पोरासारखे रडत होते, आणि त्या दिवशी आमच्यातल्या कोणालाच गाता आले नाही.