पैठणी, पळी आणि एकच चमचा

अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की माझी येवल्याची जांभळी पैठणी संक्रांतीनंतरच्या रविवारी, भर दुपारी, भर बोरन्हाणात, नातवाच्या सान्निध्यात वारली. तिच्या पश्चात मॅचिंग ब्लाऊज आणि मी, असा परिवार आहे.

मृत्यू नैसर्गिक होता. इतका नैसर्गिक की हॉलच्या सगळ्या खिडक्या उघडाव्या लागल्या.

आता पहिल्यापासून सांगते. माझा नातू शिवांश, वय सव्वा वर्ष, घरातलं नाव बाळोबा. या बाळोबाचं पोट त्या आठवड्यात रुसून बसलं होतं. बाकी तब्येत ठणठणीत. खात होता, रांगत होता, आजोबांचा चष्मा चावत होता. फक्त जे रोज सकाळी व्हायचं ते होत नव्हतं. माझी सून मृण्मयी त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही, भरपूर पाणी द्या, पपई द्या, खेळू द्या, दोन दिवस वाट बघा.

वाट बघणं हे आमच्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही.

त्यात सोमवारपासून मृण्मयीचं ऑफिस सुरू होणार होतं. बाळोबानं दिवसभर आमच्याकडे राहायचं की खालच्या मजल्यावरच्या देसले मावशींच्या पाळणाघरात, हे ती रविवारी ठरवणार होती. मावशींचं पाळणाघर चांगलं आहे, मावशी त्याहून चांगल्या आहेत, म्हणून तर मला धास्ती. आजी घरात धडधाकट असताना नातू पाळणाघरात? भिशीत मी तोंड कसं दाखवायचं?

"आई, माझी एकच अट आहे," मृण्मयी म्हणाली होती. "त्याला मला विचारल्याशिवाय वेगळं काही पाजायचं नाही. काढा नाही, चहा नाही, गुटी नाही. एवढं पाळलंत तर मी निर्धास्त ऑफिसला जाईन."

"अगं, मी काय अडाणी आहे का?" मी म्हटलं.

(या प्रश्नाचं उत्तर पुढे येणार आहे.)

रविवारी सकाळी मृण्मयी आंघोळीला गेली आणि माझ्या हाताने आपोआप गॅस पेटवला. भिशीतल्या एकीने व्हिडिओ पाठवला होता. त्यात एक तुकतुकीत बाई मुलांसाठी 'फ्रूट टी' करत होती. म्हणजे काय, तर फळं उकळायची आणि गाळायची. माझ्या भावाची पिंपळगावला द्राक्षबाग आहे. त्याच्या मनुकांचा डबा आमच्याकडे कायम भरलेला असतो, आणि खोकला, अशक्तपणा, परीक्षा, पाहुणे या सगळ्यांवर मनुका हाच इलाज असं आमचं माहेर मानतं. मी मूठभर मनुका टाकल्या. दोन अंजीर टाकले. सफरचंदाची फोड टाकली. पत्ती नाही म्हणजे हा चहा नव्हे, औषध नाही म्हणजे काढाही नव्हे, आणि मनुका म्हणजे तर फळच. फळं द्या असं डॉक्टरच म्हणाले होते. वकिलीला गेले असते तर नाव काढलं असतं.

बाळोबाने पहिला घोट घेतला आणि चिमणीच्या पिल्लासारखी चोच उघडली. मी एकच चमचा दिला. शपथेवर सांगते, एकच. चमचा जरा मोठा होता. आमच्याकडे त्याला पळी म्हणतात.

मृण्मयी बाहेर आली तेव्हा पातेलं घासून पालथं घातलेलं होतं आणि मी हळदीकुंकवाच्या वाट्या पुसत होते.

थोड्या वेळाने आमचे हे बाल्कनीतून आत आले. यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून बाल्कनीत कुंड्यांचं राज्य आहे, आणि त्यात गवती चहाची पात कमरेपर्यंत वाढलीय. हातात कप, तोंडात शीळ, असे ते बाळाच्या खोलीत गेले आणि रिकामा कप घेऊन बाहेर आले.

"एवढ्यात संपला चहा?" मी विचारलं.

"गार झाला होता," हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा होता. पण माझं लक्ष पुरणपोळीकडे.

अकराच्या सुमारास विहीणबाई आल्या. मृण्मयीची आई, नांदगावची. हातात उसाच्या मोळ्या, बोरांची पिशवी, हलव्याच्या दागिन्यांचा डबा आणि काखेत एक छोटा थर्मास.

"ताई, बाळ कुठंय माझं? लय वाळलं म्हणं," असं म्हणत त्या थेट आत गेल्या आणि दार लावून घेतलं. "कपडे बदलते हो त्याचे."

आतून चमच्याचा आवाज आला. मला वाटलं, खुळखुळा असेल. (एरवी शेजारच्या बिल्डिंगमधलं भांडण मला शब्दन्‌शब्द ऐकू येतं.)

दुपारी सोसायटीतली चिल्लीपिल्ली जमली, आया जमल्या, देसले मावशीही आल्या. बाळोबाला काळं धोतर, काळा कुर्ता, वर हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद. फक्त डायपरवर धोतराच्या निऱ्या काही बसेनात. मागून तो छोटा रिक्षावाला गादी घेऊन निघाल्यासारखा दिसत होता.

"काढ गं तो डायपर," मी म्हटलं. "फोटो जन्मभर राहतात."

"आई, राहू द्या ना. नको रिस्क."

"दहा मिनिटांचा कार्यक्रम. आणि आठवडाभर ज्याने काही केलं नाही तो आत्ताच करणार आहे का?"

हे वाक्य मी जांभळी पैठणी नेसून, नथ सावरत, पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. नियतीलाही ऐकू गेलं.

पाटावर मी बसले, मांडीवर बाळोबा. बायकांनी ओवाळलं. मग त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या आणि गोळ्यांचा पाऊस सुरू झाला. मुलं खाली झेपावली. मोबाइल वर झाले. बाळोबा आधी खिदळला. मग गप्प झाला. मग त्याने दूर कुठेतरी, भिंतीच्या पलीकडे पाहिलं. चेहरा हळूहळू लालसर झाला आणि त्यावर एक अपार शांती पसरली.

ती नजर जगातली कुठलीही आजी ओळखते. मीही ओळखली. पण चारही बाजूंनी मुलं बोरं वेचत होती, उठणार कुठून?

पहिल्यांदा मला ऊब जाणवली. मग जे झालं त्याचं वर्णन करणार नाही. एवढंच सांगते की गंगापूर धरणाचे दरवाजे उघडताना निदान भोंगा तरी वाजवतात.

"आज्जी, मला ही बोरं नकोत," माझ्या पदराजवळची एक मुलगी शांतपणे म्हणाली आणि तिने मूठ पुन्हा खाली सोडली.

हॉल पलीकडच्या भिंतीपर्यंत मागे सरकला. मी पाटावर एकटी, मांडीवर मुकुट घातलेला, कमालीचा प्रसन्न बाळोबा. टाळ्या वाजवत होता.

मृण्मयीने त्याला उचललं, धुतलं, टॉवेलात गुंडाळलं आणि दारात उभी राहिली. आवाज अगदी मऊ.

"आज ह्याला कुणी काही पाजलं का?"

मी विचार केला, आता गप्प बसले तर सून घाबरेल, काय झालं ते तिला कळायला हवं.

"एकच चमचा," मी म्हटलं.

पण माझा आवाज मला तिप्पट ऐकू आला. कारण त्याच क्षणी यांनीही पेपराआडून "एकच चमचा" म्हटलं होतं, आणि विहीणबाईंनीही.

"मनुकांचा," मी म्हटलं.

"गवती चहाचा," हे म्हणाले.

"बडीशेप-ओव्याचा. लय नाय हो, एवढासा," विहीणबाईंनी थर्मास पदराखाली सरकवला.

मृण्मयीने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. डॉक्टरांनी सगळं ऐकलं, बाळ खेळतंय का, पाणी पितंय का ते विचारलं. म्हणाले, "आज लक्ष ठेवा, पाणी देत राहा, पुन्हा जुलाब झाले तर लगेच घेऊन या. आणि पुढचे काढे ज्यांनी केले त्यांनाच पाजा."

फोन ठेवून ती देसले मावशींकडे वळली. "मावशी, उद्यापासून ह्याला तुमच्याकडे ठेवू?"

पैठणीचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

(शेवटी तोडगा निघाला. सकाळी तो मावशींकडे, दुपारनंतर आमच्याकडे, आणि ओटा आम्हा तिघांना बंद. विहीणबाई आता थर्मास आणतात तो रिकामा, दाखवायला. बाळोबाचं पोट तेव्हापासून घड्याळासारखं चालतंय, याचं श्रेय तिघंही आपापल्याकडे घेतो.)

पण त्या क्षणी हॉलमध्ये सगळे श्वास रोखून उभे होते. काही श्वास रोखायला दुसरंही कारण होतं. मावशींनी तोंडातली रेवडी गालात सरकवली, माझ्याकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, विहीणबाईंच्या पदराकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"बाळाला खुशाल आण गं, पण ह्या तिघांना घरी सांभाळणार कोण?"