चेहरा माझा, बैठक त्यांची

शॉट संपला. मी घराच्या सोप्यातल्या झोपाळ्यावरून उतरलो आणि अंगणातल्या खुर्चीवर चहा घेत बसलो. अंगावर रेशमी कुडता. डोक्याला फेटा. ओठावर चिकटवलेल्या झुपकेदार मिशा. सिनेमात मी इनामदार होतो. गावाला छळणारा, बायाबापड्यांवर वाईट नजर ठेवणारा, शेवटी नायकाच्या हातून मरणारा.

घरातून कामवाली बाई बादली घेऊन आली. तिनं झोपाळ्यावरची गादी उचलून लांब उन्हात टाकली. सागवानी फळीवर पाणी ओतलं. शॉटमध्ये बोलताना मी डाव्या हातानं झोपाळ्याची कडी धरली होती. ती कडी तिनं घासून पुसली. उजवी नाही. डावीच. म्हणजे कुणीतरी आतून नीट बघत होतं. मग मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या. हातात तांब्या. तुळशीच्या डहाळीनं त्यांनी फळीवर गोमूत्र शिंपडलं.

सगळं युनिट अंगणात होतं. लाइटवाले होते, कॅमेरावाले होते, नायिका होती. कुणाला दिसलं नाही असं झालं नाही. नायिकेनं मान फिरवली. एकजण उगाच वायर गुंडाळायला लागला. माझ्या हातात चहाचा कप तसाच राहिला.

वाईच्या अलीकडं, कृष्णेकाठच्या एका गावातलं ते घर. ही फार जुनी गोष्ट नाही. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. घरापुढं मारुती गाडी उभी होती. गच्चीवर डिश होती. मालकांचा मुलगा पाचगणीच्या इंग्रजी शाळेत शिकत होता. मालकांना सगळे दादासाहेब म्हणायचे. शिकलेला, स्वच्छ, हळू बोलणारा माणूस. सकाळी मेकअप चालू असताना ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले होते. काम फार आवडतं म्हणाले. मग विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

मी म्हणालो, "वाळवा तालुका. इस्लामपूरजवळ."

"आडनाव?"

मी सांगितलं. ते हसले. "ओळख असावी म्हणून विचारलं," म्हणाले आणि आत गेले.

आम्ही बौद्ध. धर्मांतर झालं त्या वर्षी आजोबांनी घरातले देव ओढ्यात सोडून दिले होते. माझा जन्म त्यानंतरचा. गोमूत्र शिंपडून घ्यायला मी जन्मलोच नव्हतो. असं मला वाटत होतं.

मी खलनायक कसा झालो, तेही सांगतो. हौसेनं झालो नाही. इस्लामपूरला कॉलेजात असताना सांगलीला एका हौशी नाटक मंडळीत गेलो होतो. नायकाचा उतारा पाठ करून गेलो. म्हणून दाखवला. समोर बसलेले दिग्दर्शक खूश झाले. म्हणाले, "आवाज खणखणीत आहे. पाठांतर चोख आहे. चेहरा मात्र खलनायकाचा आहे." सगळे हसले. मीही हसलो. आणि मला गुंडाचं काम दिलं.

घरी येऊन आईला सांगितलं. आई उसातलं तण काढून, भांगलणीवरून आली होती, पाय धूत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "माझ्या बापाचं तोंड हाय तुझं. हुबेहूब."

माझा आज्जा. काळा, रुंद नाकाचा, जाड भुवयांचा माणूस. गावाची मेलेली जनावरं ओढायचं त्यानं बंद केलं, म्हणून त्याला वर्षभर गावात कुणी कामाला बोलावलं नाही. तरी तो मोडला नाही. त्याचं तोंड खलनायकाचं. आणि त्याला उपाशी ठेवणाऱ्यांची गोरी, तुपकट तोंडं नायकाची. हा न्याय कुणी केला? त्या वयात मला हा प्रश्न पडला नाही. मला काम मिळालं याचाच आनंद होता.

मग तेच करत राहिलो. नाटकात, मग सिनेमात. दारूच्या गुत्त्याचा मालक. सुपारी घेणारा. पोरीचा हात धरणारा. डोळे वटारायचे, दात विचकायचे, गडगडाटी हसायचं. शेवटी मार खायचा. प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. मला पडलेल्या प्रत्येक लाथेला शिट्टी. नायक झालेली पोरं बड्या घरची. काहींना मारल्याचं नाटकसुद्धा जमायचं नाही. खरंच मारायची. ओठ फुटायचा. दिग्दर्शक म्हणायचे, छान आलंय, नैसर्गिक.

आईबरोबर भांगलणीला जाणाऱ्या बायका आईला टोमणे मारायच्या. तुझा ल्योक पडद्यावर पोरींच्या अब्रूला हात घालतो म्हणायच्या. आई ऐकून घ्यायची. एकदा मात्र जेवताना तिनं मला विचारलं, "सारखा मारच खातूस. कवा तरी जितलास का रं?"

मी म्हणालो, आई, तो सिनेमा असतो.

तर त्या दिवशी अंगणात मी चहाचा कप खाली ठेवला आणि निर्मिती सांभाळणाऱ्या माणसाकडं गेलो. हे काय चाललंय म्हणून विचारलं. तो म्हणाला, खेड्यातली जुनी माणसं आहेत, चालायचंच, मनावर घेऊ नका. आणि जेवणाची पानं मांडायला निघून गेला. खेड्यातली माणसं. मी काय विलायतेतून आलो होतो?

रात्रभर झोप लागली नाही. मोठे नट पाचगणीच्या हॉटेलात उतरले होते. आम्ही बाकीचे वाईत लॉजवर. माझ्या खोलीत आणखी तिघं होते. तिघांनीही तो विषय काढला नाही. त्यांनी शिवी दिली असती तरी चाललं असतं. निदान काही घडलं, एवढं तरी कबूल झालं असतं.

सकाळी सेटवर गेलो. मिशा लावून तयार झालो. झोपाळ्यावरचाच पुढचा प्रसंग होता. दिग्दर्शक मला बाजूला घेऊन गेले, खांद्यावर हात टाकला. त्यांनी वाट काढली होती. लांबचे शॉट पाठीमागून घ्यायचे. तेव्हा माझा कुडता आणि फेटा घालून दादासाहेबांचा पुतण्या झोपाळ्यावर बसणार. त्याची अंगकाठी माझ्यासारखीच आहे. माझा चेहरा नंतर वेगळा घ्यायचा. अंगणात बाकडं ठेवलं होतं. मी त्यावर बसून थोडं डुलायचं.

"कुणाला कळणारसुद्धा नाही," दिग्दर्शक म्हणाले.

मी तिकडं बघितलं. पुतण्या तयारच होता. नवा कुडता घालून पायरीवर उभा. गडीमाणसं त्याचा फेटा नीट करत होती. तो खुशीत होता. सिनेमात दिसणार होता ना.

इतकी वर्षं मी तोंडात बसवून घेतलेली पुस्तकी भाषा गळून पडली.

"माझं तोंड चालतं," मी म्हणालो. "माझं बूड चालत न्हाई. दोनी एकाच माणसाची हाईत."

दिग्दर्शक घाबरले. हळू बोल म्हणाले. एका फळीपायी स्वतःचं वाटोळं करून घेऊ नकोस म्हणाले. पुन्हा काम मिळणार नाही, हेही म्हणाले. धमकी होती, पण काकुळतीच्या सुरात. तेवढ्यात दादासाहेब बाहेर आले. त्यांनी आवाज चढवला नाही. एकदाही नाही. "गैरसमज नको," ते म्हणाले. "आमच्या मनात काही नाही. घरात वडीलधारी आहेत, त्यांचं मन राखावं लागतं. तुम्ही कलावंत. तुम्ही समजून घ्यायचं."

समजून घ्यायचं. आम्हीच. पिढ्यान्पिढ्या आम्हीच समजून घ्यायचं. आमच्या आज्ज्यानं समजून घ्यायचं, बापानं समजून घ्यायचं, आणि मी तर कलावंत, मी जास्तच समजून घ्यायचं.

मी मिशा ओढून काढल्या. गोंदाबरोबर ओठाची साल निघाली. फेटा काढला, कुडता काढला, बाकड्यावर ठेवला. माझा स्वतःचा शर्ट घातला. सरळ सोप्यात गेलो आणि झोपाळ्यावर बसलो. कॅमेरा चालू नव्हता. दिवे नव्हते. मी, माझ्या नावानं, माझ्या आडनावानं बसलो. पाय टेकवून एक झोका घेतला.

अंगणात सगळं थांबलं. पुतण्या मुठी आवळून दोन पावलं पुढं आला. दादासाहेबांनी त्याला नुसत्या हातानं थांबवलं. दयेनं नाही. केस झाली तर शूटिंग अडकेल, घराचं नाव पेपरात येईल, हा हिशोब त्यांना कळत होता. मलाही कळत होतं की युनिटमधला एकही माणूस साक्षीला येणार नाही. म्हणून जे करायचं ते मलाच, तिथंच करायचं होतं.

मला वाटलं तोवर बसलो. मग उठलो. दादासाहेबांच्या समोर जाऊन म्हणालो, "आता धुवा. पर एक सांगतो. आता माझ्याजागी ह्यो बसणार आसंल, तर तोंडबी ह्येचंच दावा. माझं तोंड मी घिऊन चाललो."

रस्त्यावर येऊन साताऱ्याची एसटी धरली. तिथून घरी. ओठ चरचरत होता.

माझ्यावाचून त्यांचं अडलं. अर्धा सिनेमा माझ्या चेहऱ्यावर झाला होता. निर्मात्याचा माणूस गावी येऊन गेला. मी एकच म्हणालो. त्याच घरात, त्याच झोपाळ्यावर, मीच बसणार, आणि नंतर पाणी पडणार नाही. तो परत आला नाही. त्यांनी गोष्टच बदलली. मधेच कुणीतरी धावत येऊन सांगतं, इनामदार विहिरीत पडून मेला. संपलं. पुढं नायक कुणाला मारणार? दुसराच एक काळा माणूस आणला. त्याला मारलं.

आमच्या जत्रेतल्या तंबूत तो सिनेमा लागला तेव्हा आई बघायला गेली. घरी येऊन मला विचारलं, मधीच कुठं गेलास? तोवर मी तिला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सगळं सांगितलं. बादली, गोमूत्र, पुतण्या, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. मराया तरी न्हाई थांबलास त्येंच्या हातनं."

पुढं काम बंद झालं. दिग्दर्शकांनी सांगितलं होतं तसंच. माणूस भांडखोर आहे, जात काढतो, असं पसरलं. जात मी काढली! शिरवळच्या एका कारखान्यात नोकरी धरली. मशीनवर उभा राहायचो. पोरं मला बघून सिनेमातलं हसू काढून दाखवायची. आणि मशीनच्या आवाजात मला दादासाहेबांचा आवाज ऐकू यायचा. गैरसमज नको. समजून घ्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी आजवर एकही खरा खलनायक केलेला नव्हता. डोळे वटारणारा, दात विचकणारा माणूस मी आयुष्यात बघितलाच नव्हता. मी जे बघितले ते स्वच्छ कपड्यातले होते. ते हसून बोलायचे. पाणी दुसऱ्याकडून ओतून घ्यायचे.

दोनेक वर्षांनी सांगलीच्या एका नव्या नाटक मंडळीनं कामाला बोलावलं. जमीनदाराचं काम होतं. तालमीत मी ते काम हळू आवाजात केलं. मिशा लावल्या नाहीत. दिग्दर्शक तरुण होता. म्हणाला, दादा, भीती वाटत नाही, थोडं ओरडा. मी त्याला खाली पहिल्या रांगेत बसायला सांगितलं आणि प्रसंग पुन्हा केला. गड्याच्या डोळ्यात बघून, मायेनं, त्याला घराबाहेर काढलं. त्यानं ते तसंच ठेवलं.

प्रयोगाला एक शिट्टी पडली नाही. प्रयोग झाल्यावर आतल्या खोलीत एक गृहस्थ भेटायला आले. गावचे प्रतिष्ठित. काम चांगलं झालं म्हणाले, पण चुळबुळ करत होते. शेवटी बोलले, "थोडा भडक करा हो. असा केला की तो आमच्यातलाच कुणी वाटतो."

"तुमच्यातलाच हाय," मी म्हणालो.

माझ्या या जमीनदारापायी त्या मंडळीला पुढच्या वर्षी दोन गावांनी प्रयोग नाकारला. तरी मंडळीतल्या पोरांनी मला काढलं नाही. आम्ही तिसऱ्या गावाला गेलो.

सिनेमावालेही परत आले. दशक संपत आलं होतं. गुंडाचं काम, गालावर जखमेचा व्रण, तोंडाला आणखी थोडं काळं लावू म्हणाले. मी नाही म्हणालो. त्यांना वाटलं मला नायक व्हायचंय. मला नायक व्हायचं नाही. ती जागा ठेवा तुमच्या पोरांना.

मी खलनायकच करणार. हातपाय चालतात तोवर करणार. पण माझ्या आज्ज्याचं तोंड वाईट माणसाचं म्हणून आता विकणार नाही. मी तुम्हाला करणार. तुमचं हसणं, तुमचं 'आपण मूळचे कुठले', तुमचं समजून घ्या. जसंच्या तसं. तुम्ही पहिल्या रांगेत बसलेले असाल, आणि मी दिव्यात उभा राहून तुमच्या डोळ्यात बघत बोलेन.