श्रावण, मी आणि तीन इंच

फोन आला तेव्हा मी काटोल नाक्याजवळच्या पंपावर जीपच्या टायरमध्ये हवा भरत होतो. टायर नवे होते, जुन्यांपेक्षा मोठे, आणि खडकाळ वाटेसाठी त्यांत हवा किती ठेवावी याचा अंदाज मला अजून आला नव्हता. फोन श्रावणच्या मेहुण्याचा होता. "भाऊ, घरी या. श्रावणभाऊ गेले." कुठे गेले, असं मी विचारलं. खरंच विचारलं. शनिवारची दुपार होती, त्याचं कसलंसं काम होतं म्हणून गाडी त्याला नेऊन द्यायची होती, आणि तो घरी नसेल तर किल्ली कुणाकडे ठेवायची एवढाच प्रश्न त्या क्षणी माझ्या डोक्यात होता... मेहुणा पुन्हा एवढंच म्हणाला, घरी या. मग मला कळलं.

याला आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं अशी रीत आहे, आणि श्रावणबद्दल चांगलं लिहायला मला अडचण कसलीच नाही. पण मी त्याच्यावर रागावलेलो आहे. तो राग बाजूला ठेवून लिहिलं तर लेख दुसऱ्याच कुणावर होईल.

तो उमरेडच्या विणकर घरातला. वडिलांचा हातमाग होता. श्रावणने मात्र इतवारी बाजारात ताडपत्री आणि दोरखंडाचं दुकान टाकलं. मी कळमेश्वरच्या एका कारखान्यात मालाच्या खर्चाची आकडेमोड करतो. गच्चीसाठी ताडपत्री घ्यायला त्याच्याकडे गेलो तेव्हा सवयीप्रमाणे स्वतःचा टेप काढून ती मोजली. वीतभर कमी भरली. दुकानदार अशा वेळी चिडतात. श्रावणने ताडपत्री पुन्हा स्वतः मोजली, गड्याकडून दुसरी काढवली आणि मला म्हणाला, "तुम्ही तं माह्या बापासारखे निघाले. तोही लुगडं विणून झालं का पुन्हा मोजे." त्या दिवसापासून मी त्याचा मुनीम झालो. माझ्या बायकोसमोरही तो मला मुनीमच म्हणायचा.

जीप आम्ही दोघांनी मिळून घेतली. जुनी, चारही चाकांना जोर जाणारी, पुढे-मागे कमानपाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, असलेली. दर रविवारी सकाळी निघायचं, डांबरी रस्ता सोडायचा आणि नाले, गोटाळ वाटा, टेकड्यांचे चढ तुडवत दुपारी घरी यायचं. चालवायचो मी, डावीकडे तो. तोंड त्याचं चालू. गाडी दोघांची, म्हणून एक नियम सुरुवातीलाच ठरला, तोही त्याच्याच दिव्यांपायी. त्याला टपावर चार मोठे दिवे हवे होते. काहून, म्हणजे का, असं मी त्याच्याच भाषेत विचारलं. बराच वेळ इकडचं तिकडचं सांगून शेवटी हसला आणि म्हणाला, मेहुण्याले दाखवाचं हाय. तेव्हापासून ठरलं की गाडीत काहीही बदलायचं तर दोघांचा होकार हवा, आणि कारण सांगायचं ते खरं सांगायचं. दिवे लागले नाहीत. नियम राहिला.

पुढे एकदा कोंढाळीकडच्या एका नाल्यात गाडी अडकली. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाचा मधला गोळा दगडावर टेकला आणि चाकं जागीच फिरू लागली. दगड फोडून गाडी काढेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. परत येताना श्रावणने जाहीर केलं की गाडी चार इंच वर उचलायची आणि टायर तेहतीस इंची टाकायचे. "मंग नाला काय गा, वैनगंगाच पार करू." मी त्याला समजावलं की जाड कमानपाटे टाकून गाडी उचलली तर सांगाडा वर जातो, आस जिथल्या तिथे राहतो. दगडाला लागतो तो गोळा. तो वर जायचा तर टायरच मोठा हवा, आणि टायर दोन इंचांनी मोठा केला की गोळा एकच इंच वर जातो, कारण उरलेला इंच आसाच्या वरच्या अंगाला जातो. मोठा टायर आत घासू नये म्हणून सांगाडा उचलायचा, तेवढाच उचलायचा. फार उचलला तर उतारावर गाडी कलंडते. तेहतीसच्या टायरला आमचं इंजिन ओढणार नाही, ब्रेकही पुरणार नाहीत. तो ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसून हे सगळं ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, मुनीम, तुम्ही गाडी चालवत नाही, गाडीची परीक्षा घेऊन राहिले. कित्येक संध्याकाळी आम्ही त्या दुकानाच्या मागच्या खोलीत भांडलो. मला त्यापेक्षा चांगल्या संध्याकाळी आठवत नाहीत. अखेर दोन इंच उचल आणि अठ्ठावीसऐवजी तीस इंची टायर यावर तो आला. सांगाडा एकूण तीन इंच वर.

आणि मग तो फिरला. एका रविवारी म्हणाला, राहू द्या, गाडी हाय तशी बरी. मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही. उचलली का डोलते, म्हणाला. मी उताराचा कोन काढून दाखवला की दोन इंचांनी धोका होत नाही. मग म्हणाला, वेगाचा काटा चुकीचा दाखवेल. बरोबर होतं, काटा साठ दाखवेल तेव्हा गाडी चौसष्टने धावत असेल, पण ते लक्षात ठेवलं की झालं. मग म्हणाला, आरटीओ पकडेल. मी खेटे घालून रीतसर परवानगी आणली. मग इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा दांडा वाकडा फिरेल. मग गाडी जुनी आहे, तिचं रूप बिघडेल... वर्षभर तो एकेक कारण काढत राहिला आणि मी एकेक खोडून काढत राहिलो. चार इंचांसाठी हटून बसलेला माणूस दोन इंचांना का घाबरतो हे मला कळेना. शेवटी त्याच्याकडे कारण उरलं नाही. म्हणाला, "करा गा मुनीम. तुमच्यासमोर कोन टिकन."

काम झालं त्या दिवशी तो बंडू मिस्त्रीच्या गॅरेजवर आला. गाडीभोवती फिरला, टायरवर थाप मारली, आता वाघ दिसून राहिली म्हणाला. मग डाव्या बाजूने दाराची कड धरली, एक पाय वर टाकला आणि तसाच थांबला. पाय खाली घेतला. चप्पल सटकली, म्हणाला. तुम्ही एक चक्कर मारून या, तोवर मी चहा सांगतो. मी एकटाच चक्कर मारून आलो. पुढच्या रविवारी दुकानात माल यायचा होता, त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे. मी समजलो, हरला म्हणून रुसलाय. त्यानंतर एक दिवस त्याचा फोन आला, शनिवारी गाडी द्या आणि रविवारी मी येतो. मी मनात म्हटलं, उतरला रुसवा.

तेरवीला लता वहिनी, त्याची बायको, माझ्याजवळ येऊन बसल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "यायले जिना चढणं होत नव्हतं भाऊजी. दोन पायऱ्या चढले का दम लागे. रामदासपेठच्या डॉक्टरनं मागच्या वर्षीच सांगतलं होतं, हृदय थकलं म्हणून. गचके तं बिलकुल नाही म्हणे. तुम्हाले तं सारंच माहीत हाय." मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? त्यांच्या घरात, त्यांच्या नवऱ्याच्या तेरवीला, मला यातलं काहीच माहीत नव्हतं असं सांगितलं असतं तर मी त्याचा कोण होतो, असा प्रश्न उरला असता. म्हणून हो म्हणालो. खोटं बोललो. ते त्यानेच माझ्याकडून वदवून घेतलं.

मग एकेक कळत गेलं. मेहुण्याला माहीत होतं. दुकानातल्या गड्याला माहीत होतं. परवा कमानपाट्यांना वंगण द्यायला गाडी गॅरेजवर नेली, तर बंडू मिस्त्रीलाही माहीत होतं. त्याने आतून एक लोखंडी पायरी आणून माझ्यासमोर ठेवली. जाड पाइपची, खालपर्यंत लोंबणारी. त्या दिवशी गाडीत चढता आलं नाही तेव्हा श्रावणने चहाच्या टपरीवरूनच त्याला ती बनवायला सांगितली होती. शनिवारी गाडी पाठवतो, डाव्या बाजूला जोडून दे, मुनीमले म्हणू नको, मी पाहतो त्याचं काय सांगायचं ते. म्हणजे तेव्हाही काही तरी कारण त्याने तयार ठेवलंच असणार.

मी तिथून सरळ त्याच्या घरी गेलो आणि वहिनींना खरं सांगितलं, की मला काहीच माहीत नव्हतं. मग विचारलं, मलाच का नाही सांगितलं. त्यांना नवल वाटल्याचं दिसलं नाही. म्हणाल्या, "तुम्हाले सांगतलं असतं तं तुम्ही गचक्यांचा हिशोब मांडला असता. अन् मंग यायले कधीच गाडीत बसू दिलं नसतं."

नसतंच बसू दिलं. आजही देणार नाही. डॉक्टर नको म्हणतो त्या माणसाला मी नाल्यात घेऊन गेलो नसतो. पण दुकानात जाऊन बसलो असतो ना मी. गाडी उचलायचा विषय त्याच दिवशी सोडून दिला असता. वर्षभर मी ज्या कारणांशी जीव तोडून भांडलो त्यांतलं एकही खरं नव्हतं, आणि हे समोर बसलेल्या माणसाला ठाऊक होतं. कोन काढून दाखवला तेव्हा तो अगदी लक्ष देऊन ऐकत होता. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात... पोरकं वाटतं असं लोक म्हणतात. मला फसल्यासारखं वाटतं.

पायरीचं काय करायचं, असं बंडूने विचारलं होतं. मी परत गॅरेजवर जाऊन तिची लांबी मोजली. कमानपाट्यांनी दोन आणि टायरने एक असे जे तीन इंच आम्ही कमावले, ते ही पायरी लावली की गेलेच, वर आणखी सहा इंच जातात. गाडीचा त्या बाजूचा भाग पूर्वीपेक्षाही जमिनीजवळ येतो. असली वस्तू या गाडीला लावायला कारण नाही, आणि जे होतं ते आता राहिलेलं नाही. तरी मी बंडूला लाव म्हणालो.

काल रविवार होता. नाल्यात उतरताना डावीकडे पायरी दगडावर आपटली आणि करकरत घासत गेली. मी रिकाम्या सीटकडे वळून म्हणालो, काहून लावली बे ही? आणि गाडी बंद केली. आता तरी त्याने खरं कारण सांगायला हवं होतं.