सोनगीरच्या आबांची रेसची घोडी

माणसांच्या दवाखान्यात किस्से टिकत नाहीत. पेशंट बरा झाला की स्वतःच गावभर सांगत सुटतो आणि गोष्टीची पार वाट लावतो. जनावरं बिचारी बोलत नाहीत, म्हणून त्यांचे किस्से आमच्यासारख्या कंपाउंडरांकडे साठत जातात. धुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं मलमं घोटली, पण अजून कुणी भेटलं की मलमाचं नाही विचारत. विचारतात ते सोनीचं.

* * *

सोनी म्हणजे सोनगीरच्या आबांची घोडी. आबा शेतकरी, आणि धुळे-सोनगीर टांगाही हाकायचे. सारंगखेड्याच्या जत्रेत गेले बैल घ्यायला आणि घेऊन आले ही! पुण्याच्या रेसमधली, उंच, तांबूस, कातडी अशी पातळ की आतली शीर न् शीर दिसावी. पुढचा डावा पाय रेसमध्ये दुखावलेला, म्हणून मालकाने काढून टाकलेली.

आमच्या डॉक्टरांनी पूर्वी पुण्याच्या रेसकोर्सवर नोकरी केली होती. त्यांनी पाय चाचपला आणि स्पष्टच सांगितलं, "आबा, हिला पळू देऊ नका. हा पाय पुन्हा गेला, तर माझ्याजवळ बंदुकीच्या गोळीशिवाय इलाज नाही."

आबा म्हणाले, "मी तिले पळावस नही, साहेब. पन तिले कोन सांगी?"

* * *

पहिली पंचाईत वळणाची. पुण्याची रेस नेहमी उजव्या अंगाने फिरते म्हणे. त्यामुळे सोनीला डावीकडे वळणं म्हणून काही असतं हेच ठाऊक नव्हतं. लगाम ओढा, हातापाया पडा, बाई उजवीकडेच!

एकदा स्टेशनवरून एका वकिलांना घेऊन आबा निघाले. पाच मिनिटांचा रस्ता, अर्धा तास झाला तरी टांगा गल्ल्यांतून फिरतोच आहे. वकील भडकले. आबा शांतपणे म्हणाले, "तीन येळा उजवीकडे वळनूत का डावा रस्ता लागस, वकीलसाहेब. बसा निवांत."

* * *

दुसरी खोड जास्त वाईट. शेजारून कुणी पुढे गेलेलं तिला खपायचं नाही.

सोनगीरला एक वरात चालली होती. वाजंत्री पुढे, नवरदेवाची घोडी मागे, आणि त्यांच्या मागून सोनीचा टांगा. त्यात शिरपूरचा एक कारकून झोपलेला. सोनीला समोर घोडी दिसली मात्र, मुसंडी मारून ती वरातीच्या पुढे! थेट मांडवाच्या दारात जाऊन थांबली. बायका ताट घेऊन तयारच होत्या. कारकुनाला ओवाळलं, गळ्यात हार घातला, तेव्हा कुठे त्याला जाग आली.

"अहो, माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली!"

दवाखान्याच्या दारात टांगा उभा करून आबांनी हे सांगितलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. डॉक्टर हसले नाहीत. उठून त्यांनी सोनीच्या पायाला हात लावला. पाय गरम लागत होता.

* * *

घोडीबरोबर तिच्या वंशावळीचा इंग्रजी कागद आला होता. आबांनी तो देव्हाऱ्याशेजारी लावला. एकदा काढून दवाखान्यात आणला आणि डॉक्टरांकडून वाचून घेतला.

"हिना पणजाना बी पणजा लिखेल शे आठे! माले मना आज्याना बापनं नाव याद नही."

डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं. म्हणाले, "आबा, कोण किती जोरात पळालं एवढंच यात बघतात. पाय कुणाचा टिकला, ते कुणी लिहीत नाही. हाडं भरायच्या आत पळवतात शिंगरांना. जिंकली तर फोटो काढतात. नाहीतर तुमच्यासारख्यांच्या दारात येतात, तीही नशीब चांगलं असेल तर."

नोकरी का सोडली, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. मला वाईट वाटलं त्यांचं.

* * *

डॉक्टरांच्या हुकमाने आबांनी तिला तीन महिने नुसती बांधून ठेवली. तिने चारा सोडला! बरगड्या मोजून घ्याव्यात, अशी झाली. पुन्हा टांग्याला जुंपली, त्याच दिवशी घमेलंभर हरभरा फस्त. शेवटी ठरलं, एकच पासिंजर आणि चाल फक्त संथ.

पण आता आग्रा रोडवर मोटार सर्व्हिस सुरू झाली होती. मोटार शेजारून गेली की सोनी उधळणार. सुदैवाने ड्रायव्हर सोनगीरचाच. टांगा दिसला की तो मोटार हळू करायचा आणि गाव येईपर्यंत मागेच राहायचा. पासिंजर शिव्या घालायचे, "मोटारीत बसून टांग्याच्या मागं?"

तो म्हणायचा, "डॉक्टरनी तिले पळानं नही सांगेल शे. उतरा आन पायी चाला, घाई व्हई तर!"

* * *

मग तो ड्रायव्हर आजारी पडला. बदली आला तो मुंबईकडचा, त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

निरोप आला तेव्हा डॉक्टर जेवत होते. तसेच उठले. मी पेटी घेतली, त्यांनी कपाटातलं पिस्तूल. सोनगीरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला सोनी पडली होती. पाय कुठून मोडलाय ते लांबूनच दिसत होतं. उठायचा प्रयत्न करत होती, अजून. मोटार केव्हाच पुढे निघून गेली होती. आबा तिची मान धरून बसले होते.

गर्दी जमली. डॉक्टरांनी दोघांना सांगितलं, "चादर आडवी धरा."

आबांनी वर पाहिलं. "ही कसाले?"

"रेसकोर्सवर अशीच पद्धत असते, आबा. पडदा धरतात. लोकांना दिसू नये म्हणून."

"आन साहेब, तिले काय दिसी?"

 डॉक्टरांनी त्या दोघांच्या हातून चादर घेतली, चौघडी केली आणि सोनीच्या मानेखाली सारली. लोक होते तिथेच उभे राहिले.

आबा उठले, फिरून तिच्या डोळ्यांसमोर आले, मांडी घालून बसले. तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आते करा," म्हणाले.