वाचन झाल्यावर

कापसातली सरकी काढायच्या रेच्यावर बसलं की रुई पुढं पडते आणि सरकी मागं साचते. रुई बाजारात जाते, सरकी घरातच राहते. आमच्या घरच्या गोष्टींचं तसंच आहे, बायांनो. कापसाच्या तेजीत चांगलं होतं ते कुठं उडून गेलं कोण जाणे, पण या गोष्टींचा ढीग काही हलत नाही. तुम्ही विचारता म्हणून सांगते. हसू आलं तर खुशाल हसा, मला राग नाही. माझा राग ज्यांच्यावर आहे, ते ओसरीवर पुस्तक वाचत बसलेत!

*

हे, म्हणजे माझा नवरा, तेव्हा अकोल्यात एका गोऱ्या साहेबाच्या आवारात कापूस तोलणारे मापारी होते. समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. कारकून कागदावर काय लिहितो ते आपल्यालाही कळावं, म्हणून यांनी चाळिशीत अक्षरं शिकायचं मनावर घेतलं. बाजारात एक पाद्री पुस्तकं वाटत होता. त्यानं यांना मराठीतलं जाडजूड बायबल दिलं. हे रोज पहाटे ओसरीवर बसून एकेक अक्षर जुळवू लागले.

वर्षभरानं वाचता यायला लागलं. छाती पुढं काढून आवारात गेले, कारकुनाचा कागद हातात घेतला, तर एक अक्षर लागेना! पुस्तक बाळबोध, आणि आवारातलं सगळं लिखाण मोडी.

घरी येऊन म्हणाले, "हे तं दुसरंच निघालं व!"

"मंग ठेवून द्या ते पुस्तक."

"आता सवय लागली!"

*

वाचताना यांचं उजव्या हाताचं बोट ओळीवर असतं. बोट उचललं की ओळ हरवते, आणि ओळ हरवली की पान पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मध्ये कोणी बोलायचं नाही. बोललंच तर डावा हात वर आणि ठरलेलं उत्तर, "वाचन झाल्यावर!"

दूध उतू गेलं, वाचन झाल्यावर. गाय अडली, वाचन झाल्यावर. एकदा चुलीतली ठिणगी कडब्यात पडली. मी ओरडले, "अवो, कडबा पेटला!" डावा हात वर! शेजाऱ्यांनी धावून येऊन आग विझवली. सगळे घरोघरी गेले, आणि मग हे पाण्याची घागर घेऊन आले.

*

त्या पुस्तकात नावांची एक यादी आहे. याला तो झाला, त्याला हा झाला, असं पानभर चालतं. यांना ती फार आवडते, कारण शब्द तेच तेच येतात आणि वाचायला सोपी जाते.

माझी सासू तेव्हा होती. दहा-बारा दिवस तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काहून रे, हे सारे बापालेच झाले काय? बाळंत कोन झालं?"

"वाचन झाल्यावर सांगतो, माय."

त्याच पावसाळ्यात सासू गेली. उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

*

आपल्याकडं मापारी पहिल्या मापाला "एक" म्हणत नाही. "लाभ" म्हणतो, मग दोन, मग तीन. पुस्तक वाचून यांच्या डोक्यात खरेपणा शिरला. एकाला एकच म्हणायचं!

तेल्हाऱ्याहून एक पाटील गाडी घेऊन आला. यांनी ताजवा उचलला आणि म्हणाले, "एक!"

पाटलानं यांचा हातच धरला. "थांब बाप्पा! लाभ म्हन! माह्या घरची बरकत घालवून राहिला का?"

"एक म्हंजे एक, पाटीलबुवा."

पाटलानं गाडी वळवली आणि शेजारच्या आवारात नेली. तिथल्या मापाऱ्यानं खणखणीत "लाभ!" म्हटलं आणि पुढं प्रत्येक मापात काट्याची दांडी दाबून कापूस कमी भरवला. पाटील खुशीत घरी गेला.

*

मग यांनी वाचलं की सातव्या दिवशी काम करू नये. साहेबाला जाऊन सांगितलं, "रविवारी येनार नाही. तुमच्याच पुस्तकात हाय."

साहेब लालबुंद झाला. "इतवार हमारा है, तुम्हारा नहीं! काँटा पकड़ो!"

यांना काट्यावर उभं करून साहेब शिकारीला गेला.

*

भाऊबंदांनी यांना भर पंगतीतून उठवलं. बाटला म्हणाले. ही बातमी अमरावतीला त्याच पाद्र्यापर्यंत गेली. तो आनंदानं घोड्यावर बसून आला आणि म्हणाला, "मग केव्हा घेता दीक्षा?"

हे म्हणाले, "पुस्तक पुरं झालं नाही अजून. पुरं वाचून झाल्यावर सांगतो."

पाद्री आला तसा परत गेला. जात गेली आणि धर्मही आला नाही! विहिरीवर बाया माझ्या घागरीपासून आपली घागर लांब ठेवू लागल्या. त्याचं मला काय झालं, हे यांनी एकदाही विचारलं नाही.

*

आम्हाला एकच लेक, शंकर. तेव्हा वीस वर्षांचा, अंगानं धिप्पाड, बोलायला गरीब. त्याची सोयरीक तिवशाला ठरली होती. मुलीकडचे पाहुणे सकाळीच आले, तर हे वाचत होते. डावा हात वर! पाहुणे अंगणात उभे राहिले, थोडं ऐकलं, एकमेकांकडं पाहिलं आणि पाणीही न पिता निघून गेले.

शंकर बापासमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, एकच सांगा. या घरात मी राहू का हे पुस्तक?"

"वाचन झाल्यावर सांगतो."

शंकर थांबला नाही. कापसाच्या गाड्यांबरोबर घाटाकडं निघून गेला. त्या दिवसापासून माझा जीव रस्त्यावर आहे. कुठं गाडीची घुंगरं वाजली की हातातलं काम टाकून मी दारात येते.

*

दोन वर्षांनी, एका सकाळी, घुंगरं ऐकून दारात आले तर समोर शंकरच! दाढी वाढलेली, डोक्याला मळकं मुंडासं. ओसरीवर हे मोठ्यानं तीच नावांची यादी वाचत होते.

मी म्हटलं, "अवो, पाहा तं कोन आलं!"

वर न पाहता डावा हात वर. "वाचन झाल्यावर."

मी पुन्हा ओरडणार, तर शंकरनं माझा हात धरला. हळूच म्हणाला, "राहू दे, माय. ओळ हरवंल त्याईची. गाड्या नाक्यावर उभ्या हाय, घडीभर बसतो."

तो पायरीवर बसला. मी आत जाऊन भाकर थापली. ओसरीवर चाललंच होतं, याला तो झाला, त्याला हा झाला. ते पुस्तक मी का हिसकावून घेतलं नाही, हे मला अजून रोज टोचतं.

नाक्यावरून गाडीवानांनी हाक दिली. शंकरनं गरम भाकर मुंडाशाच्या टोकाला बांधली आणि बापाच्या पायावर डोकं टेकलं. यांनी पाय जरासा मागं घेतला. ओळीवरचं बोट हललं नाही.

यादी संपली. यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "कोन आलं होतं व?"

मी उठून आत गेले आणि तवा घासायला घेतला.

त्याला आता तीन सुग्या झाल्या. लढाई संपली, तेजी गेली, साहेब गेला. शंकरचा पत्ता नाही. हे रोज सकाळी वाचतात आणि पुस्तक मिटलं की मला विचारतात, "त्या दिवशी कोन आलं होतं, सांगितलं नाही तू."

मी विचारते, "पुस्तक पुरं झालं का?"

"नाही."

"मंग झाल्यावर सांगीन."