सैल झाकण

पशुखाद्याच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत, मला काम शिकवणाऱ्या शिंदेबाईंनी बाटली उजेडात धरली. काल मधासारखं पिवळं असलेलं औषध आज काळपट तपकिरी दिसत होतं.

"झाकण कोणी सैल ठेवलं?" साहेबांचा आवाज चढला. मी हातातली काचेची नळी उगाच पुसत राहिलो.

कोंबड्यांच्या खाद्यातली चरबी खवट होऊ नये म्हणून हे औषध त्यात मिसळतात. हवेचा मारा ते आधी स्वतःवर घेतं. चरबी वाचते, ते मात्र काळवंडत जातं.

"माझ्याकडून राहिलं, साहेब," बाई म्हणाल्या. बाटली मी हाताळली होती, हे त्यांना ठाऊक होतं. साहेब बोलत गेले, बाईंचा चेहरा उतरत गेला.

मी वाचलो. ओठांवर आलेलं 'मीच' गिळलं, त्याची खवट चव अजून जिभेवर आहे.